पोर्ट सातची लिंक गेली आणि मला सगळ्यात आधी कळलं!

भेटेल त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटलेय: आमच्या कॉलेजच्या रॅकमधला चोवीस पोर्टांचा मॅनेज्ड स्विच आता स्वतःहून मला खबर देतो! कुठल्या पोर्टची लिंक गेली, कुठे एरर वाढताहेत, पंखा थांबला का, सगळं थेट मोबाईलवर. खात्री करायला मी पोर्ट सातची केबल मुद्दाम काढली. केबल हातातच होती, तेवढ्यात फोन थरथरला: ‘लिंक डाऊन, पोर्ट ७, लॅब दोन, खिडकीकडचा ॲक्सेस पॉइंट’. केबल परत बसवली, खट्‌कन आवाज आला आणि मागोमाग ‘लिंक अप’. मग नुसतं बघायला म्हणून तेच पुन्हा पुन्हा केलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

आणि ही सोय आजची नाहीच. यामागचा एसएनएमपी हा प्रोटोकॉल १९८८ पासूनचा आहे. स्विचच्या आतल्या एकेका माहितीला त्यात आकड्यांचा पत्ता असतो. पोर्ट चालू की बंद, हे विचारायचं तर १.३.६.१.२.१.२.२.१.८ आणि शेवटी त्या पोर्टचा इंटरफेस क्रमांक. उत्तर १ आलं तर चालू, २ आलं तर बंद. हा पत्ता प्रमाणित आहे, म्हणजे स्विचची कंपनी बदलली तरी प्रश्न तोच राहतो. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच!

खबर मिळायचे रस्ते दोन. एक म्हणजे स्विचवर लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हरने दर काही मिनिटांनी यूडीपी १६१ वर विचारत राहायचं. दुसरा म्हणजे ट्रॅप: काही बिघडलं की स्विचच १६२ वर कळवतो. वॉर्डात नर्सची फेरी असते आणि पेशंटच्या उशाशी बेलही असते, तसंच हे. दोन्ही हवेतच. स्विचची मुख्य अपलिंकच तुटली तर ट्रॅप बाहेर पडणार कुठून? तेव्हा सर्व्हरच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, हीच खबर. शिवाय साध्या ट्रॅपला पोच नसते, वाटेत हरवला तर हरवला. पोच हवी असेल तर ‘इन्फॉर्म’ वापरायचा.

पण मला वेड लावलं ते थ्रेशोल्डने. स्विचमधल्या आरमॉन या सोयीत मर्यादा दोन ठेवतात, एक चढती आणि एक उतरती. समजा, ट्रॅफिक ८० टक्क्यांवर गेलं की अलर्ट. मग ते ७९, ८१, ७९, ८१ असं नाचत राहिलं तरी पुन्हा अलर्ट नाही. आधी ६० पर्यंत खाली उतरायचं, त्यानंतरच पुढची हाक. ज्यांनी हे सुचवलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार! कारण सतत वाजणाऱ्या अलर्टकडे चार दिवसांनी कुणी ढुंकूनही बघत नाही.

सीआरसी एररवर लावलेल्या अलर्टने तर कमालच केली. लॅबमधल्या एका पीसीवर फायली रडतखडत उतरायच्या. पोर्टचा दिवा हिरवा, पिंग जातोय, बाहेरून सगळं ठीक. अलर्ट मात्र सांगत होता की या पोर्टवर खराब फ्रेम येताहेत आणि आकडा वाढतोय. केबलचा माग काढत गेले, तर ती बाकाच्या लोखंडी पायाखाली चेपलेली! केबल बदलली आणि आकडा जागच्या जागी थांबला. हिरवा दिवा फक्त लिंक आहे एवढंच सांगतो. त्या लिंकमधून काय अवस्थेत काय येतंय, हे काउंटरच सांगतात.

काउंटरबाबत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. ट्रॅफिक मोजणारे जुने काउंटर ३२ बिटांचे. गिगाबिट लिंक पूर्ण भरून वाहू लागली तर ते साधारण ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतात. पाच मिनिटांनी विचारलंत तर मधला हिशेब गेलाच, म्हणून ६४ बिटांचेच घ्या.

तुमच्या शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत मॅनेज्ड स्विच असेल तर त्याचा पासवर्ड आजच शोधून काढा. सगळ्यात आधी प्रत्येक पोर्टला नाव द्या, कारण रात्री अकरा वाजता नुसत्या ‘पोर्ट १९’ वरून काही कळत नाही. एनटीपी लावून घड्याळ बरोबर करा, नाहीतर लॉगमधल्या वेळांचा मेळ बसणार नाही. ‘पब्लिक’ हा सगळ्यांना ठाऊक असलेला कम्युनिटी शब्द, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डच, बंद करा आणि जमेल तिथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती घ्या. सर्व्हरवर हे लक्ष ठेवायचं काम करणारं झॅबिक्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि थोड्या उपकरणांसाठी कोपऱ्यात पडलेला जुना पीसीही त्याला पुरतो.