केबिनमधला साक्षीदार

महाळुंग्याला रेल्वे नाही. चाकण-तळेगाव रस्त्याने रात्रंदिवस धावतात ते कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि सुट्या भागांनी भरलेले टेम्पो. तरीही या औद्योगिक पट्ट्याचे रेल्वेशी नाते जवळचे आहे. पाळी संपवून घरी निघालेला कामगार, पुण्याच्या पेठेत खरेदीला जाणारा दुकानदार, महाविद्यालयात शिकणारी मुले, यांपैकी अनेकांचा प्रवास तळेगाव, देहूरोड किंवा चिंचवड स्टेशनावरून होतो. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून या लोकांची सोबत करीत आहे. त्याच मार्गावरून मुंबईच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात.

एखाद्या दिवशी लोकल दोन स्टेशनांच्या मध्येच थांबते. थोड्या वेळाने डब्यात कुजबुज सुरू होते, ‘कोणीतरी गाडीखाली आले म्हणे.’ क्षणभर सारे गप्प होतात. मग कोणी घड्याळ पाहतो, कोणी दुकानाच्या नोकराला फोन करून कुलूप उघडायला सांगतो, कोणी पुटपुटतो, ‘याला हीच गाडी मिळाली का?’ हे शब्द दुष्टपणाचे नसतात, अडकलेल्या माणसाच्या अधीरतेचे असतात. गेलेल्या जिवाविषयी हळहळ वाटणारेही डब्यात असतात. मात्र त्याच गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला, काचेआड बसलेल्या एका माणसाची आठवण त्या वेळी फारशा कोणाला होत नाही.

तो माणूस म्हणजे गाडीचा मोटरमन. लांब पल्ल्याच्या गाडीवर त्यालाच लोको पायलट म्हणतात. रस्त्यावरच्या चालकाला निदान गाडी बाजूला घेता येते. रुळांवरच्या गाडीला तो मार्ग नाही. ताशी 100 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 28 मीटर अंतर कापते. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात घर्षण कमी, आणि मागे शेकडो टनांचे वजन. तातडीचा ब्रेक लावला तरी भरधाव गाडी उभी राहायला शेकडो मीटर लागतात. भोंगा वाजवणे आणि ब्रेक लावणे एवढेच त्याच्या हाती असते. ते करून झाल्यावर उरलेले सेकंद त्याला केवळ पाहावे लागते. समोरच्या माणसाचा चेहरा पाहणारा तो शेवटचा मनुष्य ठरतो, आणि ही भूमिका त्याने मागितलेली नसते.

गाडी थांबल्यावरही त्याचे काम संपत नाही. ट्रेन मॅनेजरला, म्हणजे 2022 पर्यंत ज्याला गार्ड म्हणत त्याला, वॉकीटॉकीवरून कळवायचे असते. नियंत्रण कक्षाला आणि जवळच्या स्टेशनाला वेळ व ठिकाण सांगायचे असते. स्टेशन मास्तर लोहमार्ग पोलिसांना लेखी मेमो देतो, अकस्मात मृत्यूची नोंद होते, पुढे जबाब होतात. कायदा मोटरमनला दोषी धरीत नाही. पण जबाबात तीच घटना पुन्हा शब्दांत मांडताना त्याच्या मनावर काय गुदरत असेल, याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. मागच्या गाड्या खोळंबलेल्या असतात. पुष्कळदा तीच गाडी पुढे न्यावी लागते, तीही त्याच हातांनी.

अशा प्रसंगानंतर काहींची झोप उडते. एखादा आवाज पुन्हा पुन्हा कानी येतो. ते ठिकाण जवळ आले की छाती धडधडते. फलाटाच्या कडेला सहज उभा असलेला प्रवासी दिसला तरी हात ब्रेककडे जातो. घरी विचारले तर उत्तर मिळते, ‘काही नाही, थकलोय.’ वैद्यकशास्त्र या अवस्थेला आघातोत्तर तणाव म्हणते. योग्य विश्रांती, सहकाऱ्यांचा आधार आणि समुपदेशन मिळाले तर बहुतेक जण यातून सावरतात. मनातच दाबून ठेवले तर तो सल वर्षानुवर्षे राहू शकतो.

अहिंसेचा सूक्ष्म विचार करणाऱ्या समाजाला हे दुःख चटकन समजावे. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतला भेद ज्या घरांत लहानपणीच कानावर पडतो, तिथे हे सांगायला नको की त्या मोटरमनच्या मनात हिंसेचा लवलेशही नव्हता. उलट त्याने सारे बळ वाचवण्यासाठीच लावले होते. बुद्धीला हे पटते. त्याच्या मनाला मात्र पटायला वेळ लागतो. आणखी थोडे आधी दिसले असते तर? भोंगा जरा लवकर वाजवला असता तर? निर्दोष माणूसच स्वतःला असे प्रश्न विचारीत राहतो.

स्टेशनावरच्या माणसांचा वाटा निराळा आहे. मोटरमन गाडीबरोबर पुढे जातो. स्टेशन मास्तर, पॉइंट्समन, ट्रॅकमन, लोहमार्ग पोलीस आणि स्ट्रेचर उचलणारे हमाल तिथेच राहतात. जे पाहवत नाही ते त्यांना उचलावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फलाटावर उभे राहून हिरवा झेंडा दाखवावा लागतो. नातेवाईक धावत येतात तेव्हा त्यांच्या प्रश्नांना पहिल्यांदा सामोरे जातात तेही हेच लोक.

हीच माणसे जीव वाचवतातही. एप्रिल 2021 मध्ये मध्य रेल्वेच्या वांगणी स्टेशनात एक लहान मूल फलाटावरून रुळांवर पडले. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके धावत गेले, मुलाला वर दिले आणि स्वतःही कसेबसे फलाटावर चढले. मिळालेल्या 50,000 रुपयांच्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी दिली. तो अपघात होता; परंतु रेल्वेच्या माणसाची नजर सदैव कुठे लागलेली असते, हे त्यावरून कळते.

ब्रिटनमध्ये 2010 पासून तिथली नेटवर्क रेल आणि समॅरिटन्स ही सेवाभावी संस्था मिळून काम करतात. खचलेला माणूस कसा ओळखावा आणि त्याच्याशी कसे बोलावे, याचे शिक्षण तिथे हजारो रेल्वे कर्मचाऱ्यांना दिले गेले आहे. 2017 मध्ये त्यांनी प्रवाशांसाठीही मोहीम काढली. तिचे सांगणे साधे होते: फलाटावर कोणी एकटा, अस्वस्थ दिसला तर त्याच्याशी दोन शब्द बोला, गाडी कितीची आहे, एवढे विचारले तरी चालेल. मरणाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या घटकेला कोणी हाक मारली, तर माणूस परत फिरू शकतो.

फलाटापर्यंत आलेला माणूस त्याआधी कुठून कुठून गेलेला असतो, हा विचार व्यापारी घरांनी विशेष करावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2020 या एकाच वर्षी देशात 11,716 व्यावसायिकांनी जीवन संपवले. औद्योगिक पट्ट्यात हे चित्र परके नाही. जॉबवर्कचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, बँकेचा हप्ता थांबत नाही, चेक परत येतो, आणि ‘अब्रू’ हा एक शब्द माणसाचे तोंड बंद करतो. लहान उद्योगाचे देणे 45 दिवसांत चुकवावे असा कायदा आहे. तो पाळणारा खरेदीदार नुसता हिशेब पूर्ण करीत नाही, कदाचित कोणाच्या घरचा दिवाही सांभाळतो.

महाळुंग्याच्या किराणा दुकानात परगावचा कामगार उधारीची वही घेऊन येतो. तो गप्प झाला, येईनासा झाला, तर गल्ल्यावरच्या शेठजींच्या ते आधी लक्षात येते. ‘काय रे, बरं आहे ना?’ हा प्रश्न तिथे विचारला गेला, तर कदाचित कोणा मोटरमनला तातडीचा ब्रेक लावावा लागणार नाही.

घरात कोणी असा प्रयत्न करून वाचले असेल, तर पोलीस केसच्या भीतीने उपचार लपवू नयेत. 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. शासनाची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक दुकानाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

आणि पुढच्या वेळी लोकल मध्येच थांबली, तर घड्याळाकडे पाहण्याआधी गेलेल्या जिवासाठी आणि पुढच्या केबिनमधल्या माणसासाठी घटकाभर मौन पाळावे. शक्य झाल्यास उतरताना त्याच्याकडे पाहून हात जोडावेत. त्या नमस्काराने त्याचे ओझे उतरणार नाही, पण ते कोणाला तरी दिसले, एवढे त्याला कळेल.