पत्त्यांची वही

ई-मेलने जाणारे वार्तापत्र हा पत्राचाच एक प्रकार आहे. ते ठरलेल्या वारी, एका संपादकाच्या सहीने, ज्याने मागितले त्यालाच जाते आणि त्याच्या खासगी टपालात बँकेच्या सूचनेशेजारी, परदेशातल्या मुलीच्या पत्राशेजारी जाऊन बसते. वर्तमानपत्राच्या संपादकाला वाचक दिसत नाही. वार्तापत्राच्या संपादकाकडे मात्र प्रत्येक वाचकाचा पत्ता लिहिलेला असतो. या कामातले जवळजवळ सगळे नियम, तंत्राचे असोत की भाषेचे, त्या पत्त्यांच्या वहीतूनच निघतात.

मराठीला हा प्रकार जुनाच आहे. पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे दरबारच्या हालचाली पुण्याला लिहून कळवत, ती बातमीपत्रेच होती. बडोद्यात याहून जवळचे उदाहरण सापडते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर हाती पुस्तक राहिले नाही तर शिकलेले विरून जाते, हे ओळखून त्यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगावी ग्रंथालये निघाली, लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यांत फिरू लागली. या पसरलेल्या व्यापातल्या माणसांना एकमेकांशी जोडण्यासाठी १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. आपला वाचक कोण आणि तो घरी कोणती भाषा बोलतो, याचा विचार अंक काढण्याआधी झाला होता. वार्तापत्र सुरू करणाऱ्याने बडोद्याकडून पहिली शिकायची गोष्ट ही.

पुढचे विवेचन एका उदाहरणाच्या आधाराने करणे सोयीचे जाईल. मांडवीजवळची घडियाळी पोळ हा बडोद्याच्या जुन्या शहरातला प्रसिद्ध भाग. जुन्या शहरातली मराठी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांत नव्या सोसायट्यांत, पुण्या-मुंबईत, न्यू जर्सी-टोरोंटोत पांगली. समजा, घडियाळी पोळमध्ये वाढून बाहेर पडलेल्या अशा माणसांसाठी महिन्याचे वार्तापत्र काढायचे ठरले.

पहिला प्रश्न विषयाचा वाटतो, पण खरा प्रश्न वाचकाचा असतो. ‘बडोद्याविषयी सर्व काही’ असे म्हणून काढलेल्या पत्राला लिहायला इतके असते की तिसऱ्या अंकाला काय लिहावे ते सुचत नाही. पोळ सोडून गेलेला एक माणूस डोळ्यांसमोर धरला की निवड आपोआप होते. नवरात्राचा अंक घ्या. इथल्या अंबामातेच्या मंदिरात गरबा फक्त पुरुष खेळतात आणि बायका बसून पाहतात, ही माहिती बाहेरच्याला नवलाची असली तरी या वाचकाला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याला हवे असते ते यंदाचे: कोणाचे घर पाडून दुकान झाले, कोणत्या ओट्यावर आता कोणी बसत नाही, शेव-उसळीची गाडी जुन्याच कोपऱ्यावर आहे की हलली. हे लिहायला पोळमध्ये जाऊन उभे राहावे लागते. घरबसल्या इंटरनेटवरून गोळा केलेला मजकूर वाचकाला तिसऱ्या ओळीत ओळखू येतो.

अंकांची वारंवारता ठरवताना उत्साहावर विसंबू नये. साप्ताहिकाचे वचन देऊन महिन्याला एक अंक काढण्यापेक्षा मासिकाचे वचन देऊन तो वेळेवर काढणे कितीतरी चांगले. अनुभवी लोक पहिला अंक पाठवण्याआधी तीन-चार अंक पुरे लिहून ठेवतात. चौथा अंक लिहिता आला नाही तर वार्तापत्र अजून सुरू करायच्या योग्यतेचे झालेले नाही, असे खुशाल समजावे.

मग पत्ते. इथे बहुतेकांची चूक होते. लग्नाच्या निमंत्रणांची यादी, मंडळाच्या सभासदांची वही, मोबाइलमधले सगळे संपर्क असे मिळतील तितके पत्ते घातले जातात आणि पहिल्याच दिवशी पाचशे वाचक झाल्याचा आनंद होतो. ते वाचक नसतात. १९७८ साली अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर एका विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना न मागितलेली जाहिरात पाठवली, तेव्हापासून नकोशा टपालाचा इतिहास सुरू होतो. ओळखीच्या माणसाने न विचारता पाठवलेले वार्तापत्रही त्याच जातीचे. योग्य पद्धत अशी की वाचकाने स्वतः पत्ता भरावा, त्यावर त्याला एक छोटे पत्र जावे आणि त्यातल्या दुव्यावर त्याने बोट ठेवले तरच नाव वहीत चढावे. या दुहेरी होकारात काही पत्ते गळतात. गळू द्यावेत. चुकीचा भरलेला, दुसऱ्या कोणी खोडसाळपणे भरलेला किंवा बंद पडलेला पत्ता याच चाळणीत अडकतो. भारतात आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणे सोपे असले पाहिजे, हे तत्त्व त्यात लिहिलेले आहे. म्हणून नाव कमी करण्याचा दुवा प्रत्येक अंकाच्या शेवटी, वाचता येईल अशा अक्षरात असावा. गेलेल्या वाचकाला ‘का सोडून जाता?’ असे विचारत बसू नये.

पाठवण्याचे तंत्र थोडक्यात सांगता येते. जीमेलच्या साध्या खात्यातून दिवसाला पाचशे पत्त्यांपर्यंतच पत्रे जातात, आणि घाईत सगळे पत्ते ‘सीसी’च्या रकान्यात पडले तर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. वाचकाच्या विश्वासाला याहून मोठा धक्का नाही. त्यामुळे यादी शंभराच्या पुढे गेली की वार्तापत्रासाठीच असलेली सेवा घ्यावी, आणि शक्य तर स्वतःचे डोमेन घ्यावे. डोमेनच्या नोंदींत तीन गोष्टी लागतात. एसपीएफ ही या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात त्याची यादी. डीकेआयएम ही लाखेच्या मोहरेसारखी: पत्र वाटेत बदललेले नाही हे ती सांगते. डीमार्क हा या परीक्षेत नापास झालेल्या पत्राचे काय करावे याचा निरोप. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० पत्रे पाठवणारा मोठा ठरतो. त्याला एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी लागते आणि ‘स्पॅम’ म्हणून येणाऱ्या तक्रारी हजारी तीनच्या खाली ठेवाव्या लागतात. पोळच्या वार्तापत्राचे आकडे तिथवर जाणार नाहीत. तरी तीनही नोंदी पहिल्या दिवशीच करून घ्याव्यात, कारण नंतर पत्रे स्पॅममध्ये का पडतात याचा शोध घेण्यात आठवडे जातात.

मराठी अक्षरांचा प्रश्न यापेक्षा जास्त वेळ मागतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. छापखान्यासाठी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिला बळी जातो तो अर्ध्या चंद्राच्या र चा. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक उरत नाही, आणि आचाऱ्याला द्यायचे पैसे आचार्यांना जातात. कारण साधे आहे. हा र दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसऱ्या रीतीत साध्या र च्या मागे न दिसणारे एक जोडचिन्ह असते, आणि मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना ते गळून पडते. म्हणून पहिली रीत धरावी आणि अंक पाठवण्याआधी ‘र्या’ हे अक्षर शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासावी. दहा मिनिटांचे काम आहे. मजकुराच्या सांगाड्यात भाषा ‘मराठी’ असल्याची नोंदही करावी, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. आपल्या आवडीचा सुंदर फॉन्ट पत्रासोबत जाईल ही अपेक्षा मात्र सोडावी. बहुतेक ठिकाणी अक्षर वाचकाच्या यंत्रावर असेल तेच दिसते.

लांबीचाही हिशेब असतो. जीमेल १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र मध्येच कापते आणि ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा ठेवते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा आणि वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. दीड हजार शब्दांचा मराठी मजकूर तेवढ्याने सुमारे तीस किलोबाइटच्या घरात जातो. मर्यादा ओलांडते ती सजावटीच्या चौकटी, रंग आणि बटणे यांच्या मागच्या सांकेतिक मजकुराने. कापले जाते शेवटचे टोक, म्हणजे संपादकाची सही आणि नाव कमी करण्याचा दुवा. साधे, एका रकान्याचे, मोजक्या चित्रांचे पत्र मोबाइलवरही नीट वाचता येते आणि पोहोचतेही.

पत्राची सुरुवात कशी करावी, या बाबतीत वार्तापत्र पाठवणाऱ्या सेवांनी एक घात करून ठेवला आहे. वाचकाने भरलेले नाव पत्रात आपोआप घालण्याची सोय त्या देतात. ती मराठीत चालत नाही. वाचकाने नाव रोमन लिपीत भरलेले असते, ते देवनागरी ओळीत खड्यासारखे लागते. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांना ‘प्रिय सुधीर’ असे त्यांच्या नातवाच्या वयाच्या संपादकाने म्हणणे शोभत नाही. यंत्राला काका, मावशी, साहेब कळत नाहीत. ‘सप्रेम नमस्कार’ एवढे दोन शब्द सर्व वयांना पुरतात. विषयाची ओळ मोबाइलवर तीस-चाळीस अक्षरांपुढे दिसत नाही, म्हणून तिथे ‘वार्तापत्र, अंक सातवा’ असे लिहून जागा वाया घालवू नये. आत काय आहे ते आधी, अंकाचा क्रमांक मागाहून.

पाठवण्याची वेळही वाचक ठरवतो. बडोद्यात रविवारी सकाळी सात वाजता गेलेले पत्र उन्हाळ्यात न्यू जर्सीत शनिवारी रात्री साडेनऊला पोहोचते. दोन्हीकडे माणूस निवांत असतो. या एका वेळेने पुष्कळ भागते.

सुटलेले पत्र परत बोलावता येत नाही. छापील अंकात शुद्धिपत्र चिकटवता येते, संकेतस्थळावरचा मजकूर गुपचूप सुधारता येतो, पण वाचकाच्या टपालात पडलेली चूक तिथेच राहते. म्हणून अंक आधी स्वतःला पाठवावा, मोबाइलवर मोठ्याने वाचावा, प्रत्येक दुवा उघडून पाहावा आणि मध्ये एक रात्र जाऊ द्यावी. विखुरलेल्या समाजाच्या वार्तापत्रात निधनवार्ता सर्वांत आधी वाचली जाते, आणि तिथेच चूक सर्वांत जास्त दुखावते. ‘कै.’ हे एकच अक्षर नावामागे लावण्याआधी घरच्यांशी फोनवर बोललेच पाहिजे. तिसऱ्याच कोणी कळवलेली बातमी, कितीही खात्रीची वाटली तरी, छापू नये. वय, सासर-माहेरचे नाव, गाव हेही विचारून घ्यावे. व्याकरणाची चूक पुढच्या अंकाच्या माथ्यावर दुरुस्त केली तरी चालते. माणसाविषयीची चूक मात्र त्याच दिवशी वेगळे पत्र पाठवून, स्वच्छ शब्दांत क्षमा मागून दुरुस्त करायची असते.

यशाचे माप म्हणून किती जणांनी पत्र उघडले याचा आकडा दाखवला जातो. तो मोजला जातो पत्रात दडवलेल्या एका अदृश्य चित्रावरून. २०२१ पासून ॲपलच्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आली आणि ती सुरू असेल तर असली चित्रे वाचकाने पत्र उघडो न उघडो, आधीच उतरवून घेतली जातात. त्यामुळे या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. उत्तरे मोजावीत. त्यासाठी ज्या पत्त्यावरून अंक जातो त्याच पत्त्यावर उत्तर आले पाहिजे आणि ते माणसाने वाचले पाहिजे. ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नये’ अशी तळटीप असलेले वार्तापत्र बंद दारावरची नोटीस असते. जुन्या वाचकाच्या एका उत्तरात पुढच्या अंकाचा अर्धा मजकूर असतो: गल्लीतल्या पाण्याच्या वेळा, शिक्षकांची टोपणनावे, एखाद्या घरावरची आता बुजलेली पाटी. त्यातले काही छापायचे तर परवानगी मागावी, नाव द्यावे की नको तेही विचारावे.

पैशांचा विषय छोटा आहे. काही शे वाचकांच्या वार्तापत्राचा खर्च मुख्यतः डोमेनचा आणि संपादकाच्या वेळेचा. वर्गणी घेतली तर अंक चुकवण्याची मुभा संपते, हे ध्यानात ठेवून मगच घ्यावी. वाचकांचे पत्ते जाहिरातदाराला कोणत्याही किमतीला देऊ नयेत.

प्रत्येक वार्तापत्र कधीतरी थांबते. थांबायचे तेव्हा शेवटचा अंक म्हणून सांगून थांबावे आणि पत्त्यांची वही पुसून टाकावी, कारण ते पत्ते त्या एका कामासाठीच दिलेले होते. पुसायची नाही ती अंकांची फाइल. सेवा बंद पडतात, खाती मिटतात आणि टपालपेट्या भरल्या की लोक जुनी पत्रे आधी पुसतात; शंभर वर्षांपूर्वीचे बडोद्याचे नियतकालिक आज अभ्यासता येते, ते कोणीतरी शिवून कपाटात ठेवले म्हणून. तेव्हा मराठीत वार्तापत्र काढणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती: दर वर्षी बारा अंकांची छापील प्रत काढा, ती बांधून घ्या आणि आपल्या गावच्या ग्रंथालयात नेऊन द्या. घडियाळी पोळच्या संपादकाला त्यासाठी लांब जावे लागणार नाही. सयाजीरावांचे मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळच आहे.