भाच्याची बीट

भाचा पुणे विद्यापीठातून मार्केटिंगमध्ये एमबीए होऊन नोकरीला लागला, तेव्हा आपांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. शेजारच्या चाचींनी विचारलं, "म्हणजे नेमकं करतो काय?" आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी बी.एड. झालेला माणूस. "जाहिरातीचं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली.

मेच्या सुट्टीत एक दिवस त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. सोलापूरचं ऊन सोलापूरकरांना सांगायला नको. बिस्किटांची कंपनी, हुद्दा सेल्स ऑफिसरचा. सकाळी डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात हजेरी, मग सेल्समनबरोबर ठरलेल्या भागातली तीस-चाळीस दुकानं. याला ते 'बीट' म्हणतात. त्या दिवशी विजापूर वेस होती. दुकानात शिरताना सलाम किंवा नमस्कार, पण नजर आधी फळीवर: आपला पुडा पुढे आहे की मागे ढकललाय, तारीख संपत आलेला माल किती, शेजारी कुणाचा नवा पुडा आलाय. ऑर्डर मोबाइलवर घ्यायची. दुकानदार मात्र ऑर्डरीआधी तक्रार सांगतो. मागच्या स्कीमचे पैसे आले नाहीत, उंदराने कुरतडलेले पुडे कुणी परत नेले नाहीत. सगळं ऐकून घ्यावं लागतं. दुपारपर्यंत माझाच घसा सुकला, आणि मी तर नुसता उभा होतो.

प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन हे चार 'पी' जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडले आणि फिलिप कोटलर यांच्या पुस्तकाने ते जगभरच्या वर्गांत नेले. भाचा हसून म्हणाला, "मामू, बाकीचे तीन हेड ऑफिसात ठरतात. माझ्या वाट्याला फक्त प्लेस आलाय."

संध्याकाळी टपरीवर चहा घेताना साहेबांचा फोन आला. तारीख २८. टार्गेट कमी पडत होतं. कंपनीच्या वहीत माल डिस्ट्रिब्युटरच्या नावावर बिल झाला की विक्री झाली, मग तो दुकानात जावो न जावो. म्हणून महिनाअखेरीला हुकूम एकच: माल टाक. गोदाम तर छतापर्यंत भरलेलं आम्ही सकाळीच पाहिलं होतं. वर टाकलेल्या मालात त्या म्हाताऱ्या काकांचे पैसे अडकणार, पुडे जुने होणार.

"मामू, पुढच्या आठवड्यात स्कीम येतेय, असं सांगितलं तर काका घेतील. पण स्कीम येणार नाहीये."

हजरत खदीजांचा माल घेऊन आपले नबी शामला गेले, त्या सचोटीचा धडा मी दरवर्षी शिकवतो. पण वर्गात कुणाला टार्गेट नसतं. पोरांना धडा पटो न पटो, माझा पगार होतो. त्यामुळे त्याला उपदेश करायला जीभ वळेना. एवढंच म्हटलं, "काकांना खरं सांगून बघ."

दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. काकांनी मागितल्याच्या निम्मा माल घेतला, तोही त्याच्या तोंडाकडे बघून. टार्गेट हुकलं, इन्सेंटिव्ह गेला, साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घेतलं.

आपांना यातलं काही सांगू नका, असं त्याने बजावलंय. आपा फक्त उर्दू वाचतात, म्हणून इथे मराठीत लिहितोय.