कडेचे ठिपके

ग्रूप फोटो पाहताना आपली नजर आधी मधल्या खुर्च्यांकडे जाते. तिथे वधूवर असतात, एखादा जरीचा फेटा असतो, मांडीवर बसवलेले रडवे मूल असते. कडेच्या माणसांची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्यांची बाजू घ्यायला मला शिकवले ते मात्र संगणकाच्या एका भाषेने!

माझी भाची कॉलेजात ‘सी’ शिकते. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. भाचीला घरी करायला काम दिले होते चित्र पुसट करण्याचे. चांगले चित्र पुसट कशाला करायचे, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले.

“मामा, जुन्या फोटोतले बारीक दाणे त्यानं मऊ होतात,” ती म्हणाली. आणि माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा १९६१ सालचा फोटो तिने संगणकात घेतला.

रीत सोपी आहे. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक अंक. काळ्याला शून्य, पांढऱ्याला २५५. ठिपका आणि त्याचे आठ शेजारी यांच्या अंकांची बेरीज करायची, तिला नवांनी भागायचे, आणि सरासरी त्याच्या जागी मांडायची. शेजाऱ्यांचा रंग थोडा थोडा अंगाला लागला, की कोणाचे टोक कोणाला बोचत नाही. वाड्यात राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

फोटो एका खेपेत पुरेसा मऊ होईना, म्हणून भाचीने दहा खेपा केल्या. मधली मंडळी झकास दिसू लागली. पण चारही बाजूंनी काळोख एकेक ठिपका आत सरकत आला. फोटोच्या अगदी काठाला माझी आत्या उभी होती. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली, त्या लग्नाचे लाडू रात्रभर वळणारी, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून पदर सावरत येऊन उभी राहिलेली. तिचा तेवढा एकच फोटो आहे. त्यात तिचा अर्धा गाल काळवंडला.

सहाशे बाय चारशे ठिपक्यांच्या त्या चित्रात एकूण २,४०,००० ठिपके. त्यांत कडेचे १,९९६. शेकडा एकसुद्धा नाही! पण भाचीने हट्ट सोडला नाही. चित्राबाहेरच्या जागेत डोकावलेले सी भाषेला कळत नाही. डाव्या कडेच्या ठिपक्याने आणखी डावीकडचा शेजारी मागितला, तर वरच्या ओळीचा पार उजवा ठिपका त्याच्या गळ्यात पडतो. म्हणून अंगणाबाहेर जायचे नाही, अशी अट तिने आधीच घातली होती. मग चुकत होते कुठे?

तिने नामी युक्ती काढली. कोरा पांढरा कागद कितीही पुसट केला, तरी कोराच राहायला हवा. तसे एक पांढरे चित्र करून तिने एकच खेप चालवली. मध्ये २५५ आले, कडेला १७०, आणि कोपऱ्यात ११३.

“मामा, सापडलं!” ती ओरडली. कडेच्या ठिपक्याला स्वतःसकट सहाच जण असतात, कोपऱ्यातल्याला चारच. बेरीज चौघांची आणि भागाकार नवांनी! जे शेजारी नव्हतेच, ते काळे म्हणून हिशेबात धरले जात होते.

उपाय लहानसाच. जेवढे शेजारी भेटतील तेवढे मोजायचे, आणि तेवढ्यांनीच भागायचे. पुन्हा दहा खेपा झाल्या. काळोख गेला. आत्याचा गाल इतरांइतकाच उजळ आला.

भाची पुढच्या कामाला लागली. मी मात्र त्या भागाकारापाशीच घुटमळलो. नवरा नाही, मूल नाही, स्वतःचे घर नाही, असे म्हणत चारचौघांनी आत्याला जन्मभर नवांनी भागले, आणि उत्तर कमी आले म्हणून हळहळले. तिच्यापाशी काय होते, हे मोजायला कोणी बसले नाही. होते पुष्कळ: आम्ही पाच भावंडे, तोंडपाठ ओव्या, आणि दुपारच्या वेळी दारात आलेली कोणतीही बाई.

“ह्या कोण, मामा?” भाचीने पडद्यावर बोट ठेवून विचारले.

मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.