कृष्णधवलातील एक रंग

छायाचित्रातील सर्व रंग काढून घेऊन त्यांपैकी एकच शिल्लक ठेवण्याची रीत आता इतकी सुलभ झाली आहे, की तिच्यात कधी काळी काही नवल होते हेही विसरले जावे. वधूचा शालू तेवढा लाल आणि आप्तेष्ट, मांडव, भटजी सारे राखाडी. ओल्या रस्त्यावर एकच पिवळी छत्री. अभिरुचिसंपन्न मंडळी या प्रकाराला नाके मुरडतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही नाही. तथापि या रीतीची कुळी संगणकाहून पुष्कळ जुनी आहे, आणि ती पाहिल्यावाचून निवाडा देणे घाईचे ठरेल.

प्रारंभीच्या छायाचित्रणकाचांना निळा प्रकाश तेवढा दिसे. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. तिला हिरवा-पिवळाही दिसू लागला, परंतु लाल दिसेना. लाल ते काळे, असा तिचा न्याय होता. भारतीय घरांत या न्यायाची झळ नेमकी कपाळाला लागे. सौभाग्यवतीचे कुंकू छपाईत काळे उमटे. ठशावर कुंचला फिरवून ते लाल करणारा स्टुडिओतील रंगारी हा म्हणूनच केवळ सजावट करणारा कारागीर नव्हता. यंत्राने पुसलेली खूण तो परत आणीत होता. ओठ, बांगड्या, लुगड्याचा काठ हे त्यामागून येई. ती स्त्री त्याने पाहिलेली असेच असे नाही. काठ कोणत्या रंगाचा होता हे घरच्यांनी सांगावे आणि त्याने लावावा. भिंतीवरील त्या तसबिरीत रेषा प्रकाशाची असे आणि रंग स्मरणाचा. या दोन साक्षी एकमेकींशी जुळतात की नाही, हे विचारण्याचे कारण सहसा कोणाला पडत नसे.

हीच अडचण आयझेनश्टाइनपुढे 1925 साली ‘बॅटलशिप पोटेम्किन’च्या वेळी उभी राहिली. बंडखोर नौकेवर चढणारा लाल बावटा फिल्मवर काळा दिसला असता, म्हणून चित्रीकरणासाठी पांढरा बावटा वापरण्यात आला आणि पुढे त्याच्या 108 चौकटी हाताने लाल रंगविण्यात आल्या. (जपमाळेचा हा आकडा मॉस्कोत कोणाच्या ध्यानी आला असण्याचा संभव नाही.) सिनेसृष्टीतील सर्वांत प्रसिद्ध लाल रंग अशा रीतीने मुळात पांढरा होता. तरीही तो खोटा वाटत नाही. कारण कथेतील बावटा लालच आहे, आणि असत्य असलेच तर ते फिल्मचे आहे.

कुरोसावाने 1963 च्या ‘तेंगोकु तो जिगोकु’मध्ये याहून संयमाने काम केले. अपहरणाच्या खंडणीची बॅग जाळली की रंगीत धूर निघावा अशी योजना पोलिसांनी केलेली असते, आणि संपूर्ण कृष्णधवल चित्रपटात एका धुराड्यातून गुलाबी धूर वर चढतो. येथे रंग हा अलंकार नाही, पुरावा आहे. तो धूर राखाडी राहता तर कथानकच अडून बसते. कंठी कमरेला आणि मेखला गळ्यात घातली असता हसे होते, हा क्षेमेंद्राच्या औचित्यविचाराचा दाखला उलट बाजूने पाहावयाचा असेल, तर हा धूर पाहावा.

आजची क्रिया मात्र या साऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालते. रंगारी रंग घालीत असे. संगणक एकाखेरीज सर्व रंग हरण करतो. ‘लाल तेवढा राख’ अशी आज्ञा दिली, तर शालूबरोबर शेजारणीचे ओठ, भिंतीची वीट आणि पाटीवरील अक्षरेही लाल राहतात. मग ती एकेक करून विझवावी लागतात. याहून बोलकी गोष्ट अशी, की शालूची लाली शालूपुरती कधीच नसते. ती हनुवटीवर, मनगटावर, जवळ उभ्या असलेल्या आईच्या पांढऱ्या पदरावर सांडलेली असते. मास्क वस्त्राच्या कडेवर नेमका बसवला की ती सांडलेली लाली नाहीशी होते, आणि वधू दुसऱ्या कोठून कापून चिकटवल्यासारखी दिसते. अशा चित्रांविषयी जी अस्वस्थता वाटते, तिचे कारण भडकपणात नसून बहुधा या तुटलेपणात आहे.

स्पीलबर्गच्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधील (1993) लाल कोटाच्या मुलीवर हाच आक्षेप घेता येतो. क्राकोची वस्ती रिकामी केली जात असताना ती पहिल्यांदा दिसते, तेव्हा दिग्दर्शक प्रेक्षकाचे बोट धरून ‘इकडे पाहा’ म्हणत आहे असे वाटते. पण पुढे प्रेतांच्या गाडीवर तोच कोट दिसतो, आणि आक्षेप ओठांवरच राहतो. एकच मूल ओळखू येते. त्याच्या आजूबाजूची कोणीही ओळखू येत नाहीत. त्यांचेही कोट कोणत्या ना कोणत्या रंगाचे होते.

के. आसिफ यांच्या ‘मुगल-ए-आझम’चे (1960) उदाहरण आपल्या अधिक जवळचे. बहुतांश कृष्णधवल असलेला तो चित्रपट शीशमहालातील गाण्याला रंगीत होई. अनारकली बादशहासमोर प्रेमाचा उघड उच्चार करते आणि आरशांच्या हजार तुकड्यांत तिचे प्रतिबिंब पडते, त्या वेळी पडद्यावर रंग आलेले असत. 2004 साली संपूर्ण चित्रपट रंगीत करण्यात आला. काम कष्टाचे होते आणि नव्या पिढीने चित्रगृहे भरलीही. या प्रतीत शीशमहाल पूर्वीइतकाच झगमगतो. मात्र अनारकली आता तेथे पोहोचते ती आधीच रंगीत असलेल्या दालनांतून.