सोनगीरचा हंडा आणि पुतणीचा लॅपटॉप

धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून सोनगीर येते. टेकडीवर जुना किल्ला, पायथ्याशी गाव. या गावाचे नाव खानदेशात घरोघर माहीत आहे ते तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे. लग्नाच्या रुखवतातली घागर सोनगीरची, असे आमची आई अभिमानाने सांगायची.

गेल्या महिन्यात आम्ही तिकडे गेलो ते आईचाच हंडा घेऊन. बुडाला भोक पडले होते. सोबत कल्हई उडालेले पितळी पातेले. पुतणीही बरोबर आली. तिच्या पिशवीत दुसरेच दुखणे होते, दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप. सुरू व्हायला पाच-सात मिनिटे लागायची, मध्येच बंद पडायचा. ती बी.ए.ला आहे, सोबत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. आमच्या भावाने पतपेढीतून कर्ज काढून नवा घ्यायचे ठरवले होते. क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्यातच जाणार होते. पोरगी बसमध्ये गप्प होती, यामागे तेच कारण होते.

गावात ठोक्यांचा आवाज आला की समजावे, तांबटाचे घर जवळ आले. स्टीलची भांडी आली, स्वस्त पडली, आणि पितळेला घरातून माळ्यावर जावे लागले. तरी हातोडी पुरती थांबलेली नाही. एका म्हाताऱ्या कारागिराने आमचा हंडा उलटा केला, बोटाच्या पेराने सगळीकडे टिचकी मारली, उजेडासमोर धरला आणि म्हणाला, "भाऊ, हाई भांडं मरेल नही शे." पत्रा जाड आहे, भोक एकाच जागी आहे, डाग दिला की झाले. पण पत्राच सगळीकडून पातळ झाला असता तर? मग डाग देऊ नये, असे त्याने सांगितले. आज इथे दिला तर उद्या शेजारी फुटेल. तसे भांडे मोडीत द्यावे, धातूचे वजन वजा करून घडणावळ भरावी आणि नवे न्यावे.

पातेल्याची कल्हई तर पाहण्यासारखी. भांडे भट्टीवर तापवले, नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात आतून चांदीसारखे झाले. कथील 232 अंशांना वितळते, म्हणून पितळेला धक्का न लागता हे जमते. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवू नये, हे आपल्या घरच्या बायांना सांगायला नकोच.

पुतणीने हे सारे नीट ऐकले. किल्ल्यावर चढताना म्हणाली, "काका, माझ्या लॅपटॉपचा पत्रा पातळ झालाय का, की नुसतं भोक आहे?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

संध्याकाळी धुळ्यात एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानेही तसेच केले, फक्त टिचकीऐवजी पेचकस. पडदा ठीक, कळफलक ठीक, मदरबोर्ड ठीक. बॅटरी मात्र फुगली होती. ती त्याने ताबडतोब काढली, कारण फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. दोष होता तो आतल्या फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमध्ये. तिथे एसएसडी बसवायची, रॅम चार जीबीची आठ करायची, नवी बॅटरी टाकायची. सगळे मिळून साडेचार हजार. नव्याला पस्तीस हजार लागणार होते. सगळ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बदलता येत नाही, काहींत ती बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. म्हणून पैसे देण्याआधी उघडून पाहायला सांगावे.

एक अडचण त्याने प्रामाणिकपणे सांगितली. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज 11 कंपनीच्या नियमाने बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे लिनक्स, फुकट मिळते. पीडीएफ वाचणे, व्याख्याने पाहणे, मराठी टंकलेखन एवढ्याला ते पुरेसे आहे. शेजारचा मुलगा सिव्हिल डिप्लोमाला आहे, त्याला ऑटोकॅड लागते. त्याला आम्ही हा सल्ला देणार नाही. त्याच्या बापाने कर्ज काढले तर ते योग्यच.

भाऊ आधी रागावला. "पोरीला जुनंच वापरायला लावता?" त्याचे दुःख आम्हाला कळते. आम्ही सारे जुन्या पुस्तकांवर, दुसऱ्याच्या गणवेशावर शिकलो. लेकीला तरी कोरे मिळावे, एवढेच त्याला वाटत होते. आम्ही काही बोललो नाही. पोरगीच म्हणाली, "पप्पा, फी आधी भरा."

चौथ्या दिवशी लॅपटॉप घरी आला. कळ दाबल्यावर अर्ध्या मिनिटात पडदा उजळला. भावाने तीनदा बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला. हंडा मोरीजवळ भरून ठेवला होता, त्याखालची फरशी कोरडी होती.