परळच्या वाटेवर : झडपेच्या रुग्णांसाठी

परळ स्थानकातून आचार्य दोंदे मार्गाला लागलात, की गावोगावची मराठी कानी पडू लागते. वाडिया, टाटा आणि केईएम ही रुग्णालये येथे जवळजवळ उभी आहेत. एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांनी जागा होणारा हा परिसर आता केसपेपरच्या रांगांनी जागा होतो. १९२६ साली सुरू झालेल्या याच केईएममध्ये १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले.

हृदयविभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात बालपणीच्या संधिवाती तापाने झडप खराब झालेले रुग्ण भेटतात, तसे वयोमानाने झडप कठीण व अरुंद झालेले ज्येष्ठही. डॉक्टरांची भेट काही मिनिटांची. पुढचे महिने घरीच काढायचे असतात. म्हणून निघण्याची घाई न करता परिचारिकेजवळ बसावे आणि पिशवीतील सर्व गोळ्या तिच्यापुढे मांडाव्यात.

यांत्रिक झडप बसवली असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर, रोज ठरावीक वेळी घ्यावी लागते. आयएनआर तपासणीचा आकडा बहुधा २ ते ३.५ यांदरम्यान ठेवतात. आपली नेमकी मर्यादा वहीत लिहून घ्यावी. आकडा घसरला तर गुठळी होऊन पक्षाघाताचे भय, चढला तर रक्तस्रावाचे. गोळी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. मेथी-पालक वर्ज्य नाहीत, मात्र आठवड्यागणिक प्रमाण सारखे राखावे. वेदनाशामक गोळी वा काढा विचारल्याविना घेऊ नये. दाताच्या डॉक्टरांना झडपेविषयी आधीच सांगावे.

घरच्या माणसांनी रोज सकाळी रुग्णाचे वजन नोंदवावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पाय सुजले किंवा झोपताना उशी वाढवावी लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ताप रेंगाळला तर स्वतःहून प्रतिजैविक सुरू न करता रुग्णालय गाठावे; झडपेला जंतुसंसर्ग झाला आहे का, हे आधी रक्त तपासून पाहावे लागते. काळे शौच, डोक्याला मार, तोंड वाकडे होणे वा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसताच क्षणभरही थांबू नये.

दूरच्या गावाहून येणाऱ्यांनी आयएनआर तालुक्याच्या ठिकाणी तपासता येईल का आणि तो आकडा कोणाला कळवायचा, हे परळ सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. परतीच्या एसटीत ती वही हाताशी असू द्यावी.